मंगळवारचं दुसरं माणूस

मिरजेच्या माझ्या फ्लॅटमध्ये दर मंगळवारी दुपारी एक दुसरं माणूस येतं, हे मला सांगलीत घरी बसून कळलं. करार एकाच व्यक्तीचा होता. स्नेहल डोंगरदिवे, वय चौतीस, मूळ गाव वाशीम जिल्ह्यात, मिरजेतल्या एका इस्पितळात परिचारिका. तिच्याखेरीज कोणीही तिथे राहणार नाही, असं कलम मी स्वतः सांगून करारात घालून घेतलं होतं. तरी सलग तिसऱ्या मंगळवारी फोनवर तीच ओळ आली. 'मालमत्ता क्रमांक तीन. व्यक्ती अ, उपस्थित. व्यक्ती आ, उपस्थित, दुपारी एक ते पाच.'

मी संशयी माणूस आहे. लोक म्हणतात म्हणून नव्हे, मलाच ते मान्य आहे. एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा उतारा तपासला. तिथे येणारा प्रत्येकजण आपलाच ऊस सगळ्यांत गोड असं शपथेवर सांगायचा आणि मी रस काढून त्याला खोटं पाडायचो. शिवाय संशय आमच्या घरातच आहे. आजोबांची अठरा एकर जमीन कूळकायद्यात गेली. कसणाऱ्याला जमीन मिळाली, त्यात न्याय असेलही. पण आमच्याकडे त्यातून एकच धडा पिढ्यान् पिढ्या शिकवला गेला: दुसऱ्याला आपल्या जागेत फार दिवस टेकू द्यायचं नाही, नाहीतर तो कूळ होतो आणि आपण पाहुणे.

निवृत्त होईपर्यंत तीन फ्लॅट जमवले. पहिल्यात आम्ही दोघं राहतो, सांगलीत विश्रामबागला. दुसरा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. तिसरा मिरजेत, आणि तो बायकोच्या, उज्ज्वलाच्या नावावर आहे, कारण बाईच्या नावाने खरेदी केली की मुद्रांक शुल्कात सवलत मिळते. भाडेकरूला मी अकरा महिने देतो, फार तर आणखी अकरा. दारावर त्याच्या नावाची पाटी लावू देत नाही. कुंडीत तुळस लावली तर चालते, कढीपत्ता लावलेला चालत नाही, त्याचं झाड होतं आणि ते मूळ धरतं. उज्ज्वला हसायची. म्हणायची, फ्लॅट चौथ्या मजल्यावर आणि तुम्हाला भीती शेतीच्या कायद्याची. तिला ते कळणं शक्य नव्हतं. तिच्या माहेरी कायद्यात जाण्यासारखी जमीनच नव्हती.

तर, फोनवर ही ओळ पाठवणारी ती चकती. साथीच्या वर्षांत शहरांचं मैलापाणी तपासून रोग कुठल्या भागात पसरतोय ते शोधत असत, हे आठवत असेल. माणूस तपासायला जायची गरज नाही, त्याने जे पाण्याबरोबर सोडून दिलं तेच बोलतं. पुढे कुणीतरी ती अख्खी प्रयोगशाळा एका रुपयाएवढ्या चकतीवर आणली. संडास-मोरीच्या पाइपात ती बसवायची. चकतीवर चाळीस बारीक खळगे असतात आणि प्रत्येक खळग्यात एक प्रथिन बसवलेलं असतं. एका कुलपाला एकच किल्ली लागते, तसं एका प्रथिनाला एकच रेणू चिकटतो: कुठे साखरेचा, कुठे निकोटिनचा, कुठे एखाद्या औषधाचा. रेणू चिकटला की खळग्यातून जाणारी वीज किंचित बदलते आणि तो बदल फोनवर येतो. चकतीला लागणारी वीजही वाहत्या पाण्यातूनच निघते.

माणसं वेगळी ओळखायची युक्ती तर याहून सुंदर होती, आणि रसायनाचा माणूस म्हणून मी तिला मनापासून दाद दिली होती. प्रत्येकाच्या आतड्यात जिवाणूंचं आपापलं मिश्रण असतं. ते महिनोन् महिने फारसं बदलत नाही आणि नवरा-बायकोचंही एकसारखं नसतं. चकतीला नाव कळत नाही, पण हा कालचाच माणूस की नवा, हे कळतं. करार दोघांचा आणि राहतात पाच, हा घरमालकांचा जुना रोग तिने एका फटक्यात बरा केला. सोबत कोण काय पितं आणि कोणाला कसला आजार आहे, तेही फुकटात कळू लागलं.

आधी चाचणी म्हणून मी ती आमच्याच घरी बसवली. आमचा प्लंबर दस्तगीर पाइप उघडून बराच वेळ नुसता बघत बसला. मग म्हणाला, "साहेब, माणूस एकटा असतो ती हीच एक जागा. हितं कशाला कुणाला बसवताय?" मी त्याला म्हटलं, तू पाना चालव. संध्याकाळी फोन उज्ज्वलापुढे धरला. व्यक्ती एक म्हणजे मी, रक्तदाबाची गोळी आणि न सांगता खाल्लेले दोन पेढे. व्यक्ती दोन म्हणजे ती, सगळं सामान्य. मला वाटलं होतं हसेल. ती म्हणाली, हे काढून टाका. मी गमतीत विचारलं, का, तुला काय लपवायचं आहे? ती उठून आत गेली आणि चकती राहिली. मग मी वरच्या मजल्यावर आणि मिरजेतही तीच बसवली. भाडेकरूंना सांगितलं, पाण्याची गळती मोजायचं यंत्र आहे.

वरच्या मजल्यावर तेव्हा बिरादार मास्तर राहत होते. विजयपूरकडचे, मितभाषी, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. बसवल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या पाइपात क्षयरोगावरच्या औषधाचा अंश आला. मी त्यांना काही विचारलं नाही. करार संपत आलाच होता, नवा होणार नाही एवढं सांगून तारीख दिली. जाताना ते उज्ज्वलाला म्हणाले की उपचार सुरू होऊन तीन महिने झाले, आता माझ्यापासून कोणाला धोका नाही, डॉक्टरांनी लिहून दिलंय, साहेबांनी एकदा विचारलं असतं तर कागद दाखवला असता. पण साहेबांना कळलं कसं, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. उज्ज्वलाला मात्र समजलं.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी मी देवघरासमोर उभा राहून तिला सांगितलं की भाडेकरूंच्या चकत्या काढून टाकल्या, आपल्या घरातली काय ती ठेवलीय. ते खोटं होतं. एकही काढली नव्हती. दस्तगीरला बोलावून पाइप उघडायचे, परत बसवायचे, कोण कटकट करणार. आणि खरं सांगायचं तर मला काढायच्या नव्हत्या.

या सगळ्यानंतर स्नेहल आली. मी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, आणि त्यापुढे जे विचारावंसं वाटत होतं ते कायद्याच्या भीतीने विचारलं नाही. तिला ते न विचारताही ऐकू गेलं असावं, कारण उत्तरं ती उज्ज्वलाकडे बघून देत होती. मालकीण म्हणून कराराच्या नोंदणीला अंगठ्याचा ठसा उज्ज्वलाचाच लागणार होता. तेवढ्या तासाभरात त्या दोघी मला बाजूला ठेवून गप्पा मारायला लागल्या. मला ते आवडलं नाही. भाडेकरूशी जवळीक वाढली की हिशेब ढिले होतात.

आणि मग मंगळवार सुरू झाले. व्यक्ती आ: प्रौढ, स्त्री. औषधाचा अंश: पेशींची वाढ रोखणारं औषध. कसलं ते मी शोधून काढलं. गाठीवरचं होतं, कर्करोगाचं. आठवड्यातून एकदा शिरेतून देतात आणि चार-पाच तासांत त्याचा बहुतेक भाग शरीराबाहेर पडतो. पुढे जे उरतं ते चकतीच्या पकडीत येत नाही.

मला सगळं लख्ख दिसलं. मिरजेत गावोगावचे रोगी येतात आणि इस्पितळाभोवतीच्या गल्ल्यांत त्यांना तासावर खोल्या देणारे कमी नाहीत. ही बाई इस्पितळातच कामाला, मंगळवारी तिची साप्ताहिक सुट्टी. उपचार झालेला पेशंट घरी आणायचा, चार तास पलंग द्यायचा, पैसे घ्यायचे. आज एकच बाई येते, पुढे चार येतील. माझ्या घराची धर्मशाळा. उद्या त्यातलं कोणी तिथेच गेलं तर त्या घराला पुन्हा भाडेकरू मिळेल का?

मी तिला फोन केला. घरी कोणी पाहुणे वगैरे येतात का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. ती थोडी थांबून म्हणाली, नाही काका, माझं कोण येणार इतक्या लांबून. ती थांबली तिथेच मी ओळखलं की ही खोटं बोलतेय. दुसऱ्या दिवशी ओल आलीय का बघायचं निमित्त करून मिरजेला गेलो. घर लखलखीत होतं. मला खोट काढायची होती, म्हणून ते जास्तच खटकलं. पलंगाच्या पायाशी एक बादली आणि कपाटावर जादा उशी होती. समोरच्या दारातल्या बाई म्हणाल्या, हो, येतात कोणीतरी मंगळवारी, डोक्याला ओढणी गुंडाळून, जिना चढताना फार दमतात बिचाऱ्या. मी मनात म्हटलं, बिचाऱ्या.

उज्ज्वलाला मी मंगळवारबद्दल बोललो नसतो, पण नोटिशीवर सही तिची लागणार होती. सकाळच्या चहाला कागद पुढे ठेवला. पोटभाडेकरू ठेवल्यामुळे महिन्याभरात जागा रिकामी करावी, असा साधा मसुदा. तिने तो दोनदा वाचला. कशावरून म्हणता, असं विचारलं. चकतीचं नाव घेता येत नव्हतं, म्हणून समोरच्या बाईंचा हवाला दिला. तिने कागदाची घडी करून तो परत माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "दिवाळीपर्यंत राहू द्या तिला. मग मी सही करते."

मी विचारलं, दिवाळीपर्यंतच का? ती चहा तसाच टाकून उठली. हल्ली ती बऱ्याच गोष्टी अर्ध्यावर टाकत होती, जेवणसुद्धा. दोन महिन्यांत वाळली होती. मी त्याकडे दुर्लक्ष केलं होतं असं नाही. आमच्या घरच्या चकतीत बघितलं होतं. व्यक्ती दोन, सगळं सामान्य.

पण त्या दिवशी माझ्या डोक्यात नवा किडा शिरला. दिवाळीपर्यंत म्हणजे या दोघींचं काहीतरी ठरलेलं आहे. फ्लॅट उज्ज्वलाच्या नावावर. डोंगरदिवे बाई गोड बोलून तिच्याकडून काही लिहून घेत असेल का? की बिरादारांचं कोणी मागच्या दाराने आत आलंय? उज्ज्वलाचा त्यांच्यावर जीव होता आणि मास्तरांची बायको किडकिडीत होती. आजोबा सांगायचे, काढलेलं कूळ परत येतं, फक्त दुसऱ्या वाटेने.

चकतीवाल्या कंपनीची एक जादा सोय होती. एखादी व्यक्ती तुमच्या दुसऱ्या मालमत्तेत पूर्वी राहून गेली आहे का, हे त्या जिवाणूंच्या मिश्रणावरून पडताळून मिळत असे. मी ती सोय घेतली. मालमत्ता दोनच्या जुन्या नोंदी, म्हणजे बिरादारांच्या, तपासायला सांगितल्या. यंत्राने आपण होऊन तिन्ही मालमत्तांच्या तपासल्या.

'व्यक्ती आ: मालमत्ता क्रमांक दोनमधील कोणत्याही नोंदीशी जुळत नाही. मालमत्ता क्रमांक एकमधील व्यक्ती दोनशी जुळते. खात्री सत्त्याण्णव टक्के.'

मालमत्ता क्रमांक एक म्हणजे आमचं घर. व्यक्ती दोन त्या वेळी स्वयंपाकघरात पोळ्या करत होती.

पहिल्यांदा मनात आलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मनात आलं, बघ, कट आहे म्हटलं नव्हतं का. माझ्या पाठीमागे ती भाडेकरणीकडे जाऊन बसते. दर मंगळवारी मिरजेला मावसबहिणीकडे, सुनंदाकडे जाते म्हणून सांगते. बिरादारांच्या घरात गाद्या किती हेसुद्धा मी एकदा मोजलं होतं, पण बायको खरंच सुनंदाकडे जाते का, हे कधी तपासावंसं वाटलं नव्हतं. एवढं होऊन गेल्यावर मग माझी नजर खालच्या ओळीवर गेली. औषधाचा अंश. ती ओळ मी तीन आठवडे रोज वाचत होतो, दुसऱ्या कोणाची म्हणून.

त्या क्षणी स्वयंपाकघरात जाऊन विचारायला हवं होतं. मी गेलो नाही. काय म्हणून विचारणार होतो? पोळ्या झाल्यावर आम्ही समोरासमोर बसून जेवलो. तिने अर्धी पोळी खाल्ली. मी तिच्या ताटाकडे बघत होतो आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. पुढचे चार दिवस असेच गेले.

मंगळवारी ती निघाली, आणि तासाभराने मीही निघालो. मिरजेच्या फ्लॅटची जादा किल्ली माझ्या खिशात असते आणि ती वापरायला मी कधी लाजलेलो नाही. त्या दिवशी बेल वाजवली. स्नेहलने दार उघडलं, मला बघून दारातच आडवी उभी राहिली आणि म्हणाली, काका, आधी फोन करायला हवा होता. आतून उज्ज्वलाचा आवाज आला, येऊ दे त्यांना.

ती पलंगावर पडून होती. ओढणी बाजूला काढून ठेवलेली, हाताला सुई टोचल्याची पट्टी, चेहरा पांढरा. इतकी आजारी मी तिला कधी पाहिली नव्हती, कारण संध्याकाळी घरी येईपर्यंत ती स्वतःला सावरून येत असे. मी पलंगाशी उभा राहिलो. तीच बोलली.

"तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हटलं, सुनंदाला फोन केला होता.

"सुनंदाला सगळं माहीत आहे. ती सांगणार नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर मोरीच्या दाराकडे वळली आणि तिथेच थांबली. "काढली नव्हतीत तुम्ही."

मी मान खाली घातली. स्नेहलला काही कळेना, तिने विचारलं, काय काढली नाही? उज्ज्वलाने तिला दोन वाक्यांत सांगितलं. स्नेहल मोरीच्या दाराकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. एवढे महिने तिच्या शरीरातलं मला काय काय ठाऊक होतं, याचा ती हिशेब लावत असावी. मग ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"घरात चकती आहे म्हणून मी इथे येत होते," उज्ज्वला म्हणाली. "इथे नाही म्हणून. तुम्ही देवापुढे सांगितलंत म्हणून."

मी विचारलं, पण माझ्यापासून कशासाठी लपवलंस? तो प्रश्न विचारताना माझा आवाज चढला, आणि ज्याने रागवायचं तो मी नव्हतो हे मला अर्ध्या वाक्यात कळलं. ती शांतपणे म्हणाली, "बिरादारांना तुम्ही विचारलं नाहीत, बरं नाही का म्हणून. तारीख दिलीत. गाठ निघाली त्या दिवशी मला पहिलं तेच आठवलं. तुम्ही मला टाकाल असं नाही वाटलं हो. पण तुम्ही माझ्याकडे बघण्याऐवजी रोज फोनात बघाल, असं वाटलं. आणि मी वाळले तेव्हा तुम्ही तेच केलंत ना?"

मी हो म्हटलं. खोटं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ती म्हणाली की उपचाराचे सात मंगळवार राहिलेत आणि ते ती इथेच काढणार आहे, नुसते मंगळवार नव्हे, सगळेच दिवस, स्नेहलची हरकत नसेल तर. गॅलरीतून स्नेहल म्हणाली, घर तुमचं आहे काकू, मला काय विचारता. मी विचारलं, मी थांबू का इथे? उज्ज्वलाने नको म्हटलं. फार थकल्यामुळे ते अगदी हळू म्हटलं.

दस्तगीरला मी तिथूनच फोन केला. तो आला, पाइप उघडला, चकती काढून फडक्यात गुंडाळली. संध्याकाळपर्यंत सांगलीच्या दोन्ही चकत्याही निघाल्या. बिरादारांनंतर वरच्या मजल्यावर राहायला आलेल्या कारकुनाला मी काय होतं ते खरं सांगितलं. पंधरा दिवसांत तो घर सोडून गेला आणि त्याचं बरोबरच होतं. बिरादार मास्तरांचा नंबर माझ्याकडे आहे. दोनदा लावला आणि उचलायच्या आत बंद केला.

आता चार मंगळवार उरलेत. मी रोज सकाळी आणि संध्याकाळी उज्ज्वलाला फोन करतो. कसं वाटतंय, असं विचारतो. हा प्रश्न मला नीट विचारता यायला आठ दिवस लागले. ती म्हणते, बरं वाटतंय. परवाही तेच म्हणाली, पण आवाज खोल गेला होता आणि मागे स्नेहल कोणाला तरी घाईने काही सांगत होती. मी विचारलं, खरंच ना? ती म्हणाली, खरंच.

मी फोन ठेवला. ती खरं सांगते की नाही, हे आता मला तपासता येत नाही. आणि माझ्याशी खोटं बोलायला तिला मीच शिकवलं आहे.